गुत्तेदार आणि गुत्ता : बफेलो बंदर, मे १८९९

मराठीत ‘गुत्ता’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. जुन्या कागदपत्रांत, आणि मराठवाड्यात आजही, गुत्ता म्हणजे मक्ता आणि गुत्तेदार म्हणजे ठेकेदार. इतरत्र मात्र गुत्ता म्हटले की दारूचे दुकानच डोळ्यांपुढे येते. उत्तर अमेरिकेतील ईरी सरोवराच्या काठी वसलेल्या बफेलो बंदरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे दोन्ही अर्थ एकाच माणसाच्या ठायी एकवटले होते. जो हमालांची टोळी पुरवीत असे, तोच दारू विकत असे, आणि मजुरीही त्याच्याच दुकानाच्या फळीवर मोजून मिळत असे. १८९९ च्या मे महिन्यात तेथील धान्य उपसणाऱ्या कामगारांनी संप केला, कोळसा हमाल आणि इतर गोदी कामगार त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि सुमारे तीन आठवड्यांत ही व्यवस्था मोडली. हा संप मजुरीच्या दरासाठी झाला असे समजणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. मजुरी किती, यापेक्षा ती कोणाच्या हातून आणि कोणत्या जागी मिळते, हा या लढ्याचा खरा विषय होता.

बफेलो ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला आहे. १८२५ साली ३६३ मैल लांबीचा ईरी कालवा पुरा झाला आणि हे गाव पंचमहासरोवरे व न्यूयॉर्क यांना जोडणारा सांधा बनले. शिकागो, मिलवॉकी, डुलुथ येथून गहू आणि मका बोटींनी यायचा आणि येथे उतरवून कालव्याच्या पडावांत, पुढे रेल्वेच्या वाघिणींत भरला जायचा. शतकाच्या शेवटच्या दशकात ही आवक वर्षाला १० कोटी बुशेलांच्या वर गेली होती. गव्हाचा एक बुशेल म्हणजे साधारण २७ किलो. उलट दिशेने जायचा तो कोळसा. पेनसिल्व्हेनियाच्या खाणींतला कठीण, कमी धुराचा अँथ्रासाइट कोळसा रेल्वेने बफेलोला येई, उंच लाकडी मचाणांवरून घसरणींतून बोटींत सोडला जाई आणि पश्चिमेकडच्या शहरांच्या शेगड्यांसाठी रवाना होई. धान्य घेऊन आलेली बोट रिकामी परत धाडण्यापेक्षा थोड्या भाड्यात कोळसा नेणे मालकाला परवडत असे, आणि म्हणून कोळशाचे भाडे कमी राहत असे. या साध्या हिशेबामुळे दोन वेगळ्या धक्क्यांवरची माणसे एकमेकांशी बांधली गेली होती, कारण धान्य उतरले नाही तर कोळसा भरायला बोटच मोकळी होत नसे.

धान्य उतरवण्याचे काम आधी पाठीवर चालत असे. बोटीच्या पोटात उतरायचे, पिंपे भरायची, वर ओढायची आणि खांद्यावरून कोठारात न्यायची. हवा चांगली असली आणि सगळे हात लागले, तरी दिवसाला सुमारे २,००० बुशेल उतरत. १८४२ साली जोसेफ डार्ट या व्यापाऱ्याने रॉबर्ट डनबार या अभियंत्याच्या मदतीने येथे वाफेवर चालणारे पहिले धान्य एलिव्हेटर, म्हणजे बोटीतले धान्य यंत्राने उपसून साठवणारे कोठार, उभारले. त्यात चामड्याच्या पट्ट्याला बादल्या जोडलेल्या होत्या आणि ही रहाटगाडग्यासारखी सोंड थेट बोटीच्या तळात सोडता येत असे. ही कल्पना डार्टची मूळ नव्हती. ऑलिव्हर इव्हान्स या अमेरिकन संशोधकाने पिठाच्या गिरणीत आधीच बादल्यांचा पट्टा वापरला होता. डार्टने स्वतः पुढे एक आठवण नोंदवली आहे. हे यंत्र चालणार नाही, आयरिश माणसाच्या पाठीइतके स्वस्त एलिव्हेटर दुसरे नाही, असे एका परिचिताने त्याला बजावले होते. यंत्र चालले. तासाला सुमारे १,००० बुशेल उपसणारे हे कोठार इतके यशस्वी झाले की शतक संपेपर्यंत बफेलोच्या नदीकाठी अशी डझनावारी कोठारे उभी राहिली. संपाच्या दोनच वर्षे आधी, १८९७ मध्ये, बांधलेल्या ग्रेट नॉर्दर्न एलिव्हेटरमध्ये पोलादी कणग्या होत्या, नायगाऱ्याच्या धबधब्यावर तयार झालेली वीज होती आणि सुमारे २५ लाख बुशेल धान्य मावत होते.

मात्र सोंडेला एक मर्यादा होती. ती सरळ खाली जाई आणि तिच्या तोंडाशी असलेले धान्य उपसून घेई. भोवती खड्डा पडला की कडेचे, कोपऱ्यांतले आणि खांबांआडचे धान्य जागच्या जागी राही. ते सोंडेपर्यंत आणणे हे माणसाचे काम होते. या माणसांना स्कूपर म्हणत. लाकडी फावड्यांच्या जोडीला पुढे यांत्रिक फावडे आले, म्हणजे एक मोठी फळी आणि तिला बांधलेला दोर. दोराचे दुसरे टोक कोठारातील यंत्रावर असे. रिकामी फळी मागे ओढत न्यायची, धान्याच्या ढिगात दाबून धरायची आणि दोर ताणला गेला की तिच्यासोबत ढीग ढकलत सोंडेशी यायचे, हे चक्र तासन्‌तास चाले. धान्याची धूळ इतकी दाट असे की समोरचा माणूस दिसेनासा होई. दोर अचानक ताणला गेला किंवा पाय त्यात अडकला तर हाडे मोडत. शेवटी झाडू घेऊन तळ साफ करायचा. यंत्राने हमालाची पाठ मोकळी केली हे खरे, परंतु जे काम यंत्राला जमत नव्हते तेवढेच उरल्यामुळे ते काम करणाऱ्याला नवे महत्त्वही आले. सोंड कितीही वेगाने फिरो, स्कूपर आत उतरला नाही तर बोट पूर्ण रिकामी होऊ शकत नव्हती. संपाचे बळ या उरलेल्या कामात होते.

आता गुत्त्याकडे येऊ. सरोवरातील बोटींची वाट पाहणे हा या धंद्याचा स्वभावच होता. हिवाळ्यात बर्फामुळे वाहतूक बंद. बफेलोच्या तोंडाशी वाऱ्याने बर्फ लोटत येत असल्यामुळे येथे हंगाम इतर बंदरांपेक्षा उशिरा खुलत असे. हंगामातही बोट नेमकी कधी लागेल हे वारा, धुके आणि बाजारभाव ठरवीत. अशा वेळी मजुरांना कुठेतरी थांबावे लागे, आणि रात्री-अपरात्री उघडी, शेगडी पेटलेली, उधारी देणारी जागा एकच होती. म्हणून फर्स्ट वॉर्ड या आयरिश वस्तीतील गुत्तेवाले आपोआपच मजुरांचे मुकादम झाले. कोठाराला किंवा बोटमालकाला माणसे हवी असली की तो गुत्तेवाल्याकडे निरोप धाडी आणि गुत्तेवाला समोर बसलेल्यांतून टोळी निवडी. येथवर यात फारसे वावगे नव्हते. अडचण पुढे होती. टोळी निवडताना कोणाची उधारी किती हे पाहिले जाई. जो पीत नाही किंवा दुसरीकडे पितो, त्याचे नाव मागे राही. काम झाल्यावर मजुरी गुत्त्यातच वाटली जाई आणि आधी दारूचा हिशेब वळता होई. अनेक अविवाहित मजूर गुत्त्याच्या वरच राहत, त्यामुळे खोलीचे भाडे आणि जेवणही त्याच हिशेबात येई. घरी वाट पाहणाऱ्या बायकोपर्यंत काय पोहोचायचे ते फळीपलीकडच्या माणसाच्या मर्जीवर ठरे.

त्या काळच्या सुधारकांनी या सगळ्याकडे मद्यपानाचा प्रश्न म्हणून पाहिले. माझ्या मते ही गल्लत आहे. दारू हे येथे व्यसन कमी आणि कामावर घेण्याचे शुल्क अधिक होते. न पिणारा मजूरही ग्लास मागवीत असे, कारण तो उद्याच्या पाळीचा हप्ता होता.

विल्यम जे. कॉनर्स या व्यवस्थेतूनच वर आला आणि त्याने तिला मोठ्या उद्योगाचे रूप दिले. १८५७ साली बफेलोत जन्मलेला हा आयरिश मुलगा किशोरवयात सरोवरातील बोटींवर नोकर होता, मग गोदीत हमाल झाला. कुटुंबाकडून वारशात आलेल्या पैशांवर त्याने गुत्ता चालवला आणि १८८५ च्या सुमारास बोटींवरील माल चढवण्या-उतरवण्याचे मक्ते घ्यायला सुरुवात केली. हाताचे एक बोट लहानपणीच गमावल्यामुळे ‘फिंगी’ हे टोपणनाव त्याला जन्मभर चिकटले. तो दणकट होता, मारामारीत मागे हटणारा नव्हता, आणि वस्तीतील राजकारणाची नस त्याला सापडलेली होती. १८९० च्या दशकाअखेरीस शहरातील एन्क्वायरर आणि कुरिअर ही दोन वृत्तपत्रे त्याच्या मालकीची होती. म्हणजे ज्या मजुराने काम मागायचे, दारू प्यायची आणि मजुरी घ्यायची ती त्याच्या गोतावळ्यात, त्याने सकाळी वाचायचे वर्तमानपत्रही त्याचेच.

१८९९ च्या हंगामासाठी लेक कॅरिअर्स असोसिएशन या बोटमालकांच्या संघटनेने बफेलोतील सर्व धान्य उपसण्याचा मक्ता एकट्या कॉनर्सला दिला. बोटमालकांच्या दृष्टीने त्यात सोय होती. लहान-लहान मुकादमांशी स्वतंत्र घासाघीस करण्याऐवजी एकाच माणसाशी एकच दर ठरतो, आणि भांडण झाले तर तेही त्यानेच निस्तरायचे असते. मजुरांसाठी याचा अर्थ वेगळा होता. पूर्वी एका गुत्तेवाल्याशी पटले नाही तर मजूर रस्ता ओलांडून दुसऱ्याकडे जाऊ शकत असे. लाचारी होती, पण निवड होती. आता सगळे गुत्ते एकाच मक्त्याच्या छायेखाली आले. जुलूम अनेकांकडे विखुरलेला असतो तेव्हा माणूस त्यातून वाट काढतो. तो एका नावावर जमा झाला की मजुरांना एकत्र येण्यासाठी वेगळा प्रचार करावा लागत नाही. बोटमालकांनी सोयीसाठी केलेल्या या एका निर्णयाने संपाची निम्मी तयारी परस्पर करून टाकली, असे म्हणावे लागेल.

दराचा वादही होता. हजार बुशेलांमागे ठराविक रक्कम आणि ती टोळीने वाटून घ्यायची, या पद्धतीत किती बोट रिकामी झाली हे कोठाराच्या वजनकाट्यावरून कळे आणि त्याचा ताळा मजुराला मनातल्या मनात करता येई. तासाच्या मजुरीत मात्र तास कोण लिहितो हा प्रश्न येतो, आणि लिहिणारा मुकादमाचा माणूस असेल तर हिशेब त्याच्या वहीत जातो. म्हणून मापाचा आग्रह आणि गुत्त्याला विरोध या दोन मागण्या मुळात एकच होत्या.

मे महिन्याच्या सुरुवातीला हंगाम खुलताच संप सुरू झाला. हिवाळाभर पश्चिमेच्या कोठारांत साठलेले धान्य घेऊन बोटी येऊ लागल्या आणि बंदरात उभ्या राहू लागल्या. कॉनर्सने बाहेरून माणसे आणली, चकमकी झाल्या, पोलीस आले. पण फर्स्ट वॉर्डमधून पुरेसे अनुभवी हात मिळत नव्हते, आणि यांत्रिक फावड्यामागे उभे राहणे हे पहिल्याच दिवशी जमणारे काम नव्हे. मग इतर धक्केही थांबले. माल हाताळणारे हमाल कॉनर्सच्याच मक्त्याखाली होते, त्यांची तक्रारही तीच होती. कोळसा हमालांचे काम वेगळे होते. मचाणावरून घसरणीतून कोळसा पडला की तो बोटीच्या तळात एकाच जागी ढीग होतो आणि तो फावड्यांनी सर्वत्र सारखा पसरवला नाही तर लाटांत बोट कलंडते. काळ्या धुळीतले हे काम करणाऱ्यांनी पांढऱ्या धुळीतल्या माणसांना साथ दिली. यात बंधुभाव नक्कीच होता, कारण ही माणसे एकाच वस्तीत राहत आणि एकाच चर्चमध्ये जात. पण धान्याने भरलेल्या बोटी अडकल्यावर कोळशाचे धक्केही ओस पडत होतेच. कोळसा हमालाच्या दृष्टीने घरी बसण्यापेक्षा संपात बसणे शहाणपणाचे होते. शिकागोहून लाँगशोअरमेन, म्हणजे गोदी कामगारांच्या, संघटनेचा अध्यक्ष डॅनियल कीफ आला आणि स्थानिक भांडणाला साऱ्या सरोवरांच्या पातळीवरील संघटनेचे पाठबळ मिळाले.

या प्रकरणातील सर्वांत वेगळी बाजू चर्चची आहे. बफेलोचे बिशप जेम्स क्विग्ली यांनी संपकऱ्यांची उघड बाजू घेतली, गुत्त्यातून कामावर घेण्याच्या पद्धतीचा निषेध केला आणि तडजोडीच्या बोलण्यांत स्वतः भाग घेतला. कॅथलिक युनियन अँड टाइम्स या धार्मिक साप्ताहिकाचे संपादक फादर पॅट्रिक क्रोनिन यांनी लेखणी उचलली, त्यामुळे कॉनर्सच्या दोन वृत्तपत्रांना वस्तीतच उत्तर मिळू लागले. कामगारांच्या सभा सेंट ब्रिजिड चर्चच्या सभागृहात भरत. आठ वर्षे आधी, १८९१ साली, पोप लिओ तेराव्याने कामगारांच्या स्थितीवर काढलेल्या परिपत्रकात न्याय्य मजुरी आणि संघटनेचा हक्क मान्य केला होता, त्यामुळे बिशपांच्या पायाखाली जमीन पक्की होती. तरीही त्यांना कामगार चळवळीचे पुढारी समजण्याची चूक करू नये. तीनच वर्षांनी, १९०२ मध्ये, याच बिशपांनी शहरातील समाजवाद्यांविरुद्ध तितकाच कडक पवित्रा घेतला. त्यांना गुत्त्याची सत्ता मोडायची होती, मालकी हक्काची नव्हे. मक्तेदार आणि बिशप हे दोघेही आयरिश कॅथलिक, दोघांचा अनुयायीवर्ग एकच. एका अर्थाने ही एका वस्तीवरील दोन अधिकारांची झुंज होती, आणि कॉनर्ससारख्या माणसालाही आपल्याच चर्चच्या विरोधात फार काळ उभे राहणे परवडणारे नव्हते.

२३ मे रोजी तडजोड झाली. गुत्त्याशी संबंध असलेल्या कोणालाही टोळीचा मुकादम नेमायचे नाही, मजुरी गुत्त्यात वाटायची नाही आणि धान्याच्या मापावर मजुरी, हा तिचा गाभा होता. कॉनर्सचा मक्ता मात्र कायम राहिला. वरवर पाहता ही अर्धी जीत वाटते, कारण ज्याच्याविरुद्ध एवढा गदारोळ झाला तोच ठेकेदार पुढच्या सोमवारीही ठेकेदार होता. परंतु गुत्त्याची फळी मध्ये नसताना ठेकेदाराला केवळ ठेकेदार म्हणून वागावे लागते: माप, दर आणि माणसे यांचाच हिशेब करावा लागतो, आणि तो हिशेब संघटनेशी बसून करावा लागतो. कामावर घेण्याची, उधारीची आणि मजुरी देण्याची सूत्रे एका हातात होती तोवर दर वाढूनही उपयोग नव्हता, कारण वाढलेला दर दुसऱ्या खिशातून परत जात होता. ही सूत्रे वेगळी झाल्यावर तोच दर पूर्वीपेक्षा मोठा ठरला. दरवाढ मागणारे संप त्या काळी सर्वत्र होत होते. दरवाढीच्या आधी मजुरीच्या जागेकडे बोट दाखवण्याची समज या अर्धशिक्षित मजुरांनी दाखवली, याचे मला अधिक कौतुक वाटते.

याचे पडसाद इतर बंदरांतही उमटले. १९०० साली ईरी सरोवराच्या काठच्या बंदरांतील खनिज आणि कोळशाच्या धक्क्यांवरील व्यवस्थापकांनी कीफच्या संघटनेशी वार्षिक करार करण्याची पद्धत स्वीकारली. दर हिवाळ्यात एकत्र बसून पुढील हंगामाचे दर ठरू लागले आणि अर्थशास्त्रज्ञ जॉन कॉमन्स यांनी १९०५ मध्ये या व्यवस्थेची दखल आदर्श म्हणून घेतली. कोळसा हमालांना त्याचा लाभ झाला, पण त्यांच्या पायाखालची जमीन अधिक अस्थिर होती. त्यांच्या कामाचे भवितव्य धक्क्यावर ठरत नव्हते, खाणीत ठरत होते. १९०२ साली पेनसिल्व्हेनियाच्या अँथ्रासाइट खाणींत मे ते ऑक्टोबर असा संप चालला तेव्हा सरोवराचा जवळजवळ सगळा हंगाम त्यात गेला. शिवाय मऊ कोळशाच्या बंदरांत अख्खी वाघीण उचलून बोटीत उलटी करणारी यंत्रे येत होती, आणि माणसाकडे राहिले ते तळातला ढीग पसरवण्याचे काम. बोटमालकांची मनःस्थितीही फार काळ तीच राहिली नाही. १९०८ मध्ये लेक कॅरिअर्स असोसिएशनने संघटनांशी करार न करण्याचे धोरण जाहीर केले आणि आधीच्या आठ वर्षांत उभे राहिलेले बरेचसे कोसळले. त्याच वर्षी लाँगशोअरमेन संघटनेचे अध्यक्षपद कीफकडून टी. व्ही. ओ’कॉनर या बफेलोच्याच, जहाजे ओढणाऱ्या टग बोटीवरील माणसाकडे आले. कीफ पुढे अमेरिकेच्या स्थलांतर खात्याचा प्रमुख झाला.

कॉनर्सचे फारसे काही बिघडले नाही. १९०० मध्ये त्याच्या गटाने मॉन्ट्रियल बंदरात धान्य कोठारे बांधण्याचा करार केला, पण ती उभी राहिली नाहीत. १९०६ ते १९१० या काळात तो न्यूयॉर्क राज्याच्या डेमोक्रॅटिक पक्ष समितीचा अध्यक्ष होता. उतारवयात त्याने फ्लोरिडात, ओकीचोबी सरोवराच्या बाजूने, पथकर घेणारा एक रस्ता बांधला. १९२४ साली तो खुला झाला. सरोवर बदलले तरी वाटेत बसून वसुली करण्याची सवय गेली नाही, असे कुणी म्हटले तर ते अगदीच अन्यायाचे ठरणार नाही. १९२९ साली तो वारला.

स्कूपरांचे काम त्याच्यानंतरही सुमारे पाऊणशे वर्षे चालले. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्सचा जलमार्ग खुला झाला आणि मोठी जहाजे बफेलोला वळसा घालून थेट समुद्राकडे जाऊ लागली, तेव्हा बंदराचा बहुतेक व्यापार सरला. ज्या थोड्या गिरण्या पीठ दळत राहिल्या त्यांच्यासाठी येणाऱ्या बोटींत मात्र लाँगशोअरमेन संघटनेच्या १०९ क्रमांकाच्या शाखेची माणसे तीच फळी आणि तोच दोर घेऊन उतरत होती. आपला माल आपणच पट्ट्यावरून बाहेर टाकणाऱ्या बोटींनी त्यांची जागा घेतली ती २००३ मध्ये. संपाच्या वेळी नवेकोरे असलेले ग्रेट नॉर्दर्न कोठार त्यांच्यापेक्षा थोडे अधिक टिकले. डिसेंबर २०२१ च्या वादळात त्याची उत्तरेकडची विटांची भिंत ढासळली आणि त्यानंतर ते पाडण्यात आले.